रंग आपला, पाणी नावाड्याचे

नारायणगंजच्या सुताच्या बाजाराबद्दल कापड धंद्यातल्या बहुतेकांनी ऐकले असेल. बांगलादेशातील या शहरात 2018 साली आम्ही होजिअरीच्या खरेदीसाठी गेलो होतो. तानबाजारच्या पेढ्यांवर चार दिवस भाव विचारले, नमुने पाहिले. पण हा धंदा कशाच्या जिवावर चालतो, हे कळले ते शेवटच्या दिवशी, घाटावर.

ढाक्यापासून साधारण वीस किलोमीटरवर, शीतलक्ष्या नदीच्या काठी हे शहर वसले आहे. समुद्र दूर, तरी हे मोठे बंदर. इंग्रजी अमलात कोलकात्याहून निघालेला व्यापारी गोआलंदोपर्यंत रेल्वेने येई, तिथून आगबोटीने नारायणगंजला उतरे आणि पुन्हा रेल्वेने ढाका गाठी. ही ढाक्याची रेल्वे 1885 साली सुरू झाली. खेड्यापाड्यांतला ताग होड्यांत भरून इथे यायचा आणि गाठी बांधून पुढे जायचा. स्कॉटलंडमधल्या तागाच्या शहरावरून नारायणगंजला ‘पूर्वेचे डंडी’ म्हणू लागले. काठियावाडातील जेतपूरच्या मेमन समाजातल्या आदमजी घराण्याने 1951 मध्ये इथे तागाची प्रचंड गिरणी चालू केली. 30 जून 2002 रोजी ती बंद पडली. तागाची जागा होजिअरीने घेतली. माल बदलला, नदी तीच राहिली.

घाटावरचा कारभार

निताईगंजच्या बाजूला पीठ, डाळ, साखर आणि मिठाच्या घाऊक पेढ्या आहेत. होडी काठाला लागली की फळी टाकतात आणि हमाल पोती घेऊन त्यावरून ये-जा करतात. पलीकडच्या तीरावरच्या वस्तीचे नावच ‘बंदर’. तिथले हजारो कामगार सकाळी होडीने अलीकडे येतात आणि दिवे लागल्यावर परत जातात.

पूर्वी या होड्या वल्ह्यांवर आणि शिडावर चालत. लाकूड कुजू नये म्हणून गाब नावाच्या फळाचा रस फासत. 1980 नंतर शेतीच्या पाणीपंपाचे डिझेल इंजिन होडीला बसवण्याची युक्ती निघाली आणि सगळ्या बंगालच्या नद्यांवर पसरली. मोठा माल लोखंडी बोटींतून जातो. वाळूच्या बोटीला तिथे ‘बल्कहेड’ म्हणतात. भरली की तिचा काठ जवळजवळ पाण्याला टेकतो. सिमेंट कारखान्यांसाठी आपल्या देशातल्या वीजकेंद्रांची राखसुद्धा बार्जमधून या देशात येते. भारत आणि बांगलादेश यांच्यात 1972 साली झालेल्या जलमार्ग करारात नारायणगंज हे थांब्याचे बंदर आहे.

एवढ्या गर्दीत लहान बोटीचा निभाव कठीण. 4 एप्रिल 2021 रोजी मुन्शीगंजला निघालेल्या लाँचला मालवाहू जहाजाने धडक दिली आणि 34 जीव गेले. 10 ऑक्टोबर 2022 रोजी शीतलक्ष्येवर इथे नवा पूल खुला झाला. आम्ही गेलो तेव्हा तो झालेला नव्हता.

आमचा सौदा

आमच्या नावेचा नावाडी साठीच्या पुढचा होता. आम्ही मोडक्या बंगालीत विचारले, “चाचा, पूल झाला तर तुमच्या रोजीचे काय?” तो म्हणाला, “पूल होईल तेव्हा होईल. आज गिऱ्हाईक नाकाला रुमाल लावून बसते. हे पाणी आम्ही ओंजळीने प्यायलो आहोत. आता हात बुडवला तर रात्रभर खाज सुटते.”

पाणी शाईसारखे काळे होते. काठावरच्या एका नाल्यातून लालसर पाणी नदीत पडत होते. ते पाहून आदल्या दिवसाचा सौदा आठवला आणि मान खाली गेली. एका कारखानदाराकडे आम्ही रंगाईच्या दरात किलोमागे दोन टके कमी करून मागितले होते. तो हसून म्हणाला होता, “हो जाएगा, रात को प्लांट बंद रखेंगे.” प्लांट म्हणजे सांडपाणी शुद्ध करणारे यंत्र. आम्हीही हसलो होतो. ते दोन टके कोणाच्या ताटातून आले, हे नावेत बसल्यावर कळले.

हिशेब सरळ आहे. साध्या पद्धतीच्या कारखान्यात किलोभर होजिअरी कापड रंगवून धुवायला शंभर लिटरच्या पुढे पाणी लागते. ते शुद्ध करायला वीज आणि रसायने लागतात. प्लांट बंद ठेवला की तेवढा खर्च वाचतो आणि नदीच्या माथी पडतो. हिवाळ्यापासून पावसाळ्यापर्यंत प्रवाह मंद असतो. तेव्हा घाण वाहून जात नाही. ढाका शहराच्या पिण्याच्या पाण्याचा मोठा वाटा याच नदीतून सायदाबादच्या जलशुद्धीकरण केंद्रात जातो. वर रूपगंजकडे याच काठावर जामदानीचे विणकर बसतात. त्यांच्या कलेला 2013 साली युनेस्कोने अमूर्त सांस्कृतिक वारशाचा मान दिला. नदीच्या दमट हवेने बारीक सूत तुटत नाही, असे ते मानतात.

तिथल्या उच्च न्यायालयाने 2009 मध्ये शीतलक्ष्येसह ढाक्याभोवतीच्या चार नद्या वाचवण्याचा हुकूम दिला. 2019 मध्ये देशातल्या सर्व नद्यांना सजीव व्यक्तीचा दर्जा दिला. पण न्यायालय सौद्याला हजर नसते. सौद्याला आपण असतो.

आपण काय करावे

हा परक्या मुलखाचा प्रश्न म्हणून सोडून देता येणार नाही. मे 2025 मध्ये भारताने बांगलादेशी तयार कपड्यांना खुष्कीचा मार्ग बंद करून फक्त न्हावा शेवा आणि कोलकाता बंदरांतून आणण्याची अट घातली. म्हणजे तो माल आपल्याच दारात उतरतो. आणि इचलकरंजीच्या रंगाईने पंचगंगेचे काय केले, हे आपण जाणतोच.

तेव्हा व्यापारी बांधवांना एवढेच सुचवावेसे वाटते. रंगाईचा दर ठरवताना प्लांटच्या विजेचे आणि रसायनांचे बिल पाहायला मागावे. निघालेला गाळ कुठे जातो, ते विचारावे. बाजारापेक्षा दर फारच कमी असेल तर खूश होण्याआधी कारण विचारावे. आम्ही परत येऊन त्या कारखानदाराला ते दोन टके वाढवून दिले आणि रात्री प्लांट चालू ठेवण्याची अट लेखी घेतली. नफा थोडा घटला. पण त्या नावाड्याचा हात आठवला की तो सौदा महाग वाटत नाही.