नवा फ्रिज आणि घरातला विज्ञानाचा तास

नौपाड्यातल्या जुन्या इमारतींचे जिने अरुंद. फ्रिज वर चढवताना हमाल तो आडवा करतातच. घरात आला की मुलांची घाई, "लाव ना बटण!" थांबा जरा. कॉम्प्रेसरमध्ये तेल असतं, फ्रिज आडवा झाला की ते नळ्यांत शिरतं. तसाच चालू केला तर कॉम्प्रेसर बिघडू शकतो. उभा ठेवून काही तास जाऊ द्या. किती, ते पुस्तिकेत पाहा. बराच वेळ आडवा होता तर रात्रभर थांबलेलं बरं.

तोवर जागा ठरवा. मागे नि बाजूंना हवा खेळायला हवी. चालू झाल्यावर बाजू गरम लागतात, घाबरू नका, आतली उष्णता तिथूनच बाहेर पडते. मुलांना हात लावून पाहू द्या. माठातून झिरपलेलं पाणी वाफ होताना उष्णता घेतं. फ्रिजच्या नळ्यांतही द्रवाचा वायू होताना हेच घडतं. मग विचारा, दार उघडं ठेवलं तर खोली गार होईल? बहुतेक मुलं "हो" म्हणतात. प्रत्यक्षात खोली तापते! काढलेली उष्णता त्याच खोलीत येते, वर कॉम्प्रेसरच्या विजेची भर.

बटणावरचे आकडे म्हणजे अंश नव्हेत. आत ४ अंश सेल्सिअस किंवा त्याहून कमी हवं, फ्रीझरमध्ये उणे १८. थंडीने जंतू मरत नाहीत, त्यांची वाढ मंदावते. म्हणून उरलेला भात दोन तासांच्या आत ठेवा, कच्ची मासळी झाकून खालच्या कप्प्यात. आणि लाइट गेली तर दार उघडू नका, बंद फ्रिजमध्ये गारवा साधारण चार तास टिकतो.