अंगठ्याविना सुटणारा बाण

एकलव्यानं उजव्या हाताचा अंगठा कापून दिला आणि त्याची धनुर्विद्या तिथंच संपली, असं आपण लहानपणी ऐकतो. नंदुरबार जिल्ह्यात अक्कलकुवा-धडगावकडच्या सातपुड्यात भिल्लांचा तिरकमठा घडवायला आणि ओढायला शिकलं, की ही गोष्ट अपुरी वाटू लागते.

आधी कमठा. पुस्तकातल्या चित्रात नक्षीदार धनुष्य आणि सुताची दोरी असते. इथला कमठा बांबूचा. सातपुड्यातला मानवेल बांबू जाड, जवळजवळ भरीव. त्यातला जून बांबू निवडायचा; कोवळा सुकताना आकसतो, त्याला कीडही लवकर लागते. तो उभा चिरून मधे जाड, टोकांकडे निमुळता तासायचा. दोन्ही बाजू सारख्या वाकतात का, हे तासताना सतत पाहावं लागतं. एक बाजू जास्त तासली गेली, तर सगळा ताण तिथंच येऊन कमठा मोडतो. सालीलगतचे धागे सर्वांत दाट, म्हणून सालीला हत्यार लावायचं नाही. पारंपरिक कमठ्याची दोरीही बांबूच्या सालीकडच्या पातळ, लांब पट्टीचीच. ती ताणाखाली फारशी लांबत नाही. काम झालं की दोरी उतरवून ठेवायची. चढवलेली राहिली तर बांबू वाकलेलाच राहतो.

आता खरा मुद्दा, पकड. भिल्ल तिरंदाज बाण तर्जनी आणि मधल्या बोटात धरून दोरी बोटांनीच ओढतो, अंगठा लावत नाही. एकलव्याच्या आठवणीनं असं करतो, असं अनेक जण सांगतात. त्या श्रद्धेचा मान राखूनही यामागचं तंत्र समजून घ्यावं. आखूड धनुष्य पूर्ण ओढलं की दोरीचा कोन अरुंद होऊन बोटं चिमटतात; म्हणून मंगोल आणि तुर्की धनुर्धर अंगठ्यात कडं घालून ओढत. भिल्लांच्या कमठ्यासारख्या लांब धनुष्यात बोटांना पुरेशी जागा मिळते. ऑलिंपिकमधले तिरंदाजही दोरी बोटांनीच ओढतात.

म्हणजे अंगठा गेल्यानं पकड बदलते, विद्या जात नाही. महाभारताचं आदिपर्वही हेच सांगतं: एकलव्य पुढं बोटांनी बाण सोडू लागला, फक्त पूर्वीचा वेग उरला नाही. मुलांच्या गोष्टीतून नेमका हाच भाग गळला. निषादपुत्र हरला आणि संपला, असं त्यामुळं पिढ्यान्‌पिढ्या मुलांच्या मनावर ठसलं. मला हा त्याच्यावरचा अन्याय वाटतो. यापुढं ही गोष्ट सांगाल, तेव्हा अंगठ्यापाशी थांबू नका. त्यानंतर त्यानं सोडलेल्या बाणांचंही मुलांना सांगा.