बांधावरचा कडुनिंब आणि वळवानंतरचे भुंगेरे

सोलापूर जिल्ह्यात गेल्या चार दशकांत हुमणीशी झालेली लढाई बहुतेक उसाच्या बुडाशीच लढली गेली. 1980 मध्ये उजनी धरण पूर्ण झाले, ज्वारीच्या शिवारात कालव्याचे पाणी आले आणि पाठोपाठ ऊस व साखर कारखाने वाढले. ओलावा आणि नीट न कुजलेले शेणखत हुमणीच्या अळीला मानवते, त्यामुळे तिच्यावर औषधांचा मारा सुरू झाला. पूर्वी बीएचसीची भुकटी स्वस्त होती. 1997 मध्ये तिच्यावर बंदी आली. पुढे फोरेट आले, तेही 2020 च्या अखेरीस बंद झाले. औषधे बदलली, पण ती टाकण्याची जागा तीच राहिली. वाढलेली अळी मुळांशी खोल बसलेली असते आणि तिथवर औषध पुरेसे पोचत नाही. मेटारायझियम बुरशीचा उपाय त्या मानाने शहाणपणाचा. भुंगेऱ्यांच्या अळ्यांवर ही बुरशी वापरण्याची कल्पना मेचनिकोव्ह यांनी 1879 मध्ये ओडेसात मांडली होती. मात्र तिलाही जमिनीत ओल आणि लहान वयाची अळी लागते.

खरी संधी झाडावर असते. मे-जूनमध्ये वळवाचा पहिला जोरदार पाऊस झाला की हुमणीचे जमिनीतले प्रौढ भुंगेरे तिन्हीसांजेला बाहेर पडतात, कडुनिंब, बाभूळ, बोरीवर जमतात, तिथेच त्यांचे मीलन होते, रात्रभर पाला खातात आणि उजाडण्यापूर्वी मातीत परततात. (कडू पाला किडीला चालत नाही, हा आपला समज.) वर्षाला पिढी एकच, त्यामुळे अंडी घालण्यापूर्वी मारलेल्या मादीबरोबर पुढच्या अळ्याही टळतात.

मग झाडावरच कीटकनाशक का फवारू नये? तसा सल्ला दिला जातो आणि भुंगेरे त्याने मरतातही. पण बाभळी-बोरीचा पाला शेळ्या खातात, लिंबोळ्यांवर पाखरे येतात आणि त्याच सावलीत माणसे भाकरी सोडतात. शिवाय मोठ्या झाडाचा पाला खाल्ला गेला तरी मृगाच्या पावसावर ते पुन्हा फुटते. जपायची असतात ती रस्त्याकडेची आणि रोपवाटिकेतली कोवळी रोपे. त्यांना भुंगेरे बाहेर पडण्याचे पंधरा दिवस संध्याकाळी बारीक जाळी पांघरली तरी पुष्कळ. झाडच तोडा म्हणणाऱ्यांनी एवढे पाहावे की भुंगेरा उडतो. तो पुढच्या बांधावर जाईल आणि त्याला एका जागी गोळा करणारे झाड मात्र आपण गमावू.

मग उरते झाडावरचे भुंगेरे गोळा करणे. शेजाऱ्याने काही केले नाही तर एकट्याच्या कष्टाचा काय उपयोग, हा आक्षेप मात्र खरा आहे. झाडाखाली ताडपत्री अंथरायची, रात्री आठच्या सुमारास फांद्या हलवायच्या, पडलेले भुंगेरे रॉकेलमिश्रित पाण्यात टाकायचे, एवढेच काम. रेशनवरचे रॉकेल दुर्मीळ झाले, तर साबणाचे पाणी घ्यावे. प्रकाश सापळाही रात्री नऊ-दहापर्यंतच लावावा, रात्रभर ठेवल्यास उपयोगी कीटकही मरतात. हे सगळे एका शेतात करून भागत नाही, संपूर्ण शिवारात एकाच आठवड्यात व्हावे लागते. उसाच्या नोंदीसाठी कारखान्यांचे चिटबॉय गावोगाव फिरतातच. वळवाच्या पहिल्या पावसानंतरच्या संध्याकाळी त्यांच्याकडे हे काम सोपवावे, आणि ग्रामपंचायतींनी त्यासाठी कारखान्यांकडे आतापासूनच आग्रह धरावा.