खसऱ्यात तीन शेतं, नकाशात एक

जबलपूर जिल्ह्यातलं मझौली हे तहसिलीचं गाव विष्णुवराहाच्या दगडी मूर्तीसाठी ओळखलं जातं. मध्य प्रदेशातच, सीधी जिल्ह्यात, दुसरी मझौली आहे आणि तीही तहसीलच. बोलताना घोळ होत नाही. कुठल्या मझौलीबद्दल चाललंय ते बोलण्याच्या ओघात कळतं. संगणकाला मात्र प्रत्येक गोष्टीची स्वतंत्र ओळख द्यावी लागते. ती नाव, मालक किंवा क्षेत्रफळ यांवर टांगून चालत नाही, कारण हे तिन्ही बदलतात. जमिनीच्या बाबतीत तर हा प्रश्न फारच नाजूक होतो.

१९५६ सालच्या राज्य पुनर्रचनेपर्यंत जबलपूरकडची मझौली आणि विदर्भ एकाच राज्यात होते आणि राजधानी नागपूर होती. त्यामुळे तिकडच्या पटवाऱ्याचं दप्तर विदर्भातल्या वाचकाला परकं वाटू नये. त्या दप्तरात मुख्य गोष्टी दोन. खसरा म्हणजे नोंदवही: कोणाचं शेत, किती क्षेत्र, कोणतं पीक. दुसरा गावाचा नकाशा. दोघांना जोडणारा दुवा एकच, खसरा क्रमांक.

समजा, ११२ क्रमांकाचं दोन हेक्टरचं शेत तीन भावांत वाटलं गेलं. नोंदवहीत ११२/१, ११२/२, ११२/३ असे बटे पडतात. नकाशावर त्याप्रमाणे रेघा ओढणं, म्हणजे तरमीम, हे वेगळं काम. ते राहिलं की वहीत तीन शेतं आणि नकाशावर एकच. मध्य प्रदेश सरकारने २०२४मध्ये राजस्व महाअभियान काढलं, तेव्हा नकाशा तरमिमीची साचलेली प्रकरणंही त्यात घ्यावी लागली. आपल्याकडेही सातबारे वेगळे झालेत पण पोटहिश्श्यांची मोजणी झालेली नाही, हे दुखणं गावोगाव आहे.

जीआयएस, म्हणजे भौगोलिक माहिती प्रणाली, संगणकावर आली तेव्हा तिनेही हीच विभागणी उचलली. १९८२ साली बाजारात आलेल्या ‘आर्क-इन्फो’त आकृत्यांचे बिंदू आणि रेषा एका बाजूला राहत, त्यांची माहिती दुसऱ्या बाजूच्या तक्त्यांत, आणि मध्ये क्रमांकाचा धागा. एक बाजू बदलून दुसरी तशीच राहू शकत होती. दप्तर संगणकात गेलं, पण त्यातली फट बुजली नाही.

ती बुजवण्याची कल्पना नकाशाशास्त्राबाहेरून आली. नॉर्वेत ओले-योहान डाल आणि क्रिस्टन न्यूगोर यांनी १९६०च्या दशकात ‘सिम्युला’ ही संगणकभाषा घडवली. तिच्यात माहिती आणि त्या माहितीवर करायच्या क्रिया एकाच ‘ऑब्जेक्ट’मध्ये, म्हणजे वस्तूत, बांधलेल्या होत्या. पुढे अमेरिकेत मॅक्स एगनहोफर आणि अँड्र्यू फ्रँक यांच्यासारख्या संशोधकांनी हा विचार जीआयएसमध्ये कसा वापरता येईल, ते मांडलं. ‘आर्क-इन्फो’ची निर्माती ‘एसरी’ १९९०च्या दशकाच्या अखेरीस ‘जिओडेटाबेस’ घेऊन याच वाटेने आली.

या पद्धतीत ११२ क्रमांकाचं शेत ही एक वस्तू. आकृती, मालक, क्षेत्र, पीक हे तिचे गुण. वाटणी, विक्री, एकत्रीकरण या तिच्या क्रिया. सीमारेषेला थेट हात लावता येत नाही, ‘वाटणी’ ही क्रियाच चालवावी लागते. ती क्रिया नवी आकृती मागते, तिन्ही हिश्श्यांची बेरीज मूळ दोन हेक्टरांशी ताडून पाहते आणि मगच नोंद आणि नकाशा एकदम बदलते. एक झालं, दुसरं राहिलं, असं होऊ देत नाही. आपल्याकडे आकारफोड पत्रक हेच करतं: पोटहिश्श्यांवर आकार, म्हणजे शेतसारा, वाटून देतं, आणि बेरीज मूळ आकाराएवढीच यावी लागते. फरक इतकाच, की वस्तूंच्या पद्धतीत हा नियम माणसाच्या शिस्तीवर सोडलेला नसतो.

दुसरा फायदा बांधाचा. दोन शेतांची आकृती वेगवेगळी काढली, तर सामाईक बांध दोनदा काढला जातो आणि मध्ये कोणाचीच नसलेली चिंचोळी पट्टी उरते, नाहीतर एक शेत दुसऱ्यावर चढतं. बांध ही स्वतंत्र वस्तू मानून दोन्ही शेतांनी तीच वापरली, की तो हलवताना दोन्हीकडे एकदमच हलतो.

तिसरी गोष्ट वारशाची. ‘भूखंड’ हा मूळ वर्ग. शेतजमीन, गावठाणातली घरजागा, सरकारी जमीन हे त्याचे उपवर्ग. सीमा आणि क्षेत्र सगळ्यांना वारशाने मिळतं, पीकनोंद फक्त शेताला. २४ एप्रिल २०२० रोजी सुरू झालेल्या ‘स्वामित्व’ योजनेत ड्रोनने गावठाणं मोजली जाऊ लागली. अशा नव्या प्रकाराच्या जमिनीसाठी अख्खी रचना मोडावी लागत नाही.

अवघड भाग ओळखीचाच. वाटणीनंतर जुनं ११२ संपलं की तीन तुकड्यांत जिवंत आहे? केंद्राने भूखंडांना अक्षांश-रेखांशांवर आधारित १४ अंकाक्षरी ओळख क्रमांक द्यायला सुरुवात केली आहे. पण शेत फुटलं की स्थान आणि आकृतीही बदलते. म्हणून जुनी वस्तू पुसायची नसते. ‘अमुक दिवसापर्यंत वैध’ असा शिक्का मारून तिची नव्या तिघांशी आई-मुलांची साखळी जपायची असते. न्यायालयात तीस वर्षांपूर्वीचा बांध विचारला जातो, तेव्हा ही साखळीच कामी येते.

भावांनी तोंडी वाटणी करून मोजणीच टाळली असेल, तर मात्र कोणतंही मॉडेल खरी रेघ शोधून देणार नाही. चांगली प्रणाली अशा वेळी नोंद अडवते. लोकांना ती अडवणूक वाटते, पण पुढच्या पिढीचा दिवाणी दावा तिथेच टळतो. अशी प्रणाली येईपर्यंत मझौलीत असो वा मूर्तिजापुरात, जमीन घेणाऱ्याने उताऱ्यावरचा हिस्सा नकाशावर दाखवायला सांगावा. तिथे तो नसेल, तर इसार देऊ नये.