ओळखीचा आयडीई, अनोळखी ऑपरेटिंग सिस्टिम

मागच्या व्याख्यानात आपण कंपायलर नेमकं काय करतो ते पाहिलं. ते संपल्यावर बऱ्याच जणांनी एकच प्रश्न वेगवेगळ्या शब्दांत विचारला. "सर, कॉलेजात सगळं विंडोजवर केलं. आता कामाच्या ठिकाणी लिनक्स आहे. शिकलेलं वाया गेलं का?" आजचं व्याख्यान त्या प्रश्नावर आहे. उत्तर आधीच सांगून टाकतो: वाया गेलेलं नाही. पण तसं वाटतं का, आणि त्या वाटण्यामुळे नुकसान कसं होतं, हे समजून घ्यायला हवं.

सुरुवात एका अनुभवानं करतो. काही वर्षांपूर्वी मी एका कंपनीत मुलाखती घेणाऱ्यांत बसलो होतो. तालुक्याच्या गावातल्या कॉलेजमधून एक मुलगा आला होता. कागदावर त्यानं प्रश्न झटपट सोडवला, तर्क अगदी स्वच्छ. मग आम्ही त्याला लिनक्सच्या मशीनवर बसवलं आणि टर्मिनलमधल्या एडिटरमध्ये तोच प्रोग्रॅम लिहायला सांगितलं. चार ओळी झाल्या आणि सवयीनं त्यानं कंट्रोल-एस दाबलं, सेव्ह करायला. स्क्रीन जागच्या जागी थांबला. काही दाबलं तरी काही उमटेना. आपण मशीन बिघडवलं असं त्याला वाटलं. घाम फुटला, पुढचं सगळं चुकत गेलं. बाहेर गेल्यावर कुणीतरी म्हणालं, "याला प्रॅक्टिकल येत नाही." मी गप्प बसलो. त्याला नाकारलं.

आता त्या स्क्रीनला झालं काय होतं? युनिक्सच्या टर्मिनलमध्ये कंट्रोल-एस म्हणजे "दाखवणं थांबव". टेलिटाइपच्या काळापासून चालत आलेला हा संकेत आहे. छापणं फार भरभर होत असेल तर थोडं थांबवायचं, आणि कंट्रोल-क्यू दाबून पुन्हा सुरू करायचं. म्हणजे मशीन धडधाकट होतं. एक कंट्रोल-क्यू दाबलं असतं तर काम पुढे गेलं असतं. हे मला ठाऊक होतं, आणि तरी मी बोललो नाही. त्या मुलाला काय येतं हे आम्ही तपासलंच नाही. त्याच्या बोटांना कुठल्या घराची सवय आहे तेवढंच तपासलं.

आयडीई म्हणजे काय, आणि सवय कुठून लागते

आयडीई म्हणजे प्रोग्रॅम लिहिणं, कंपाइल करणं, चालवणं आणि चुका शोधणं हे सगळं एका जागी करून देणारं साधन. १९८३ साली बोर्लंड कंपनीचं टर्बो पास्कल आलं, त्यानं ही कल्पना घराघरांतल्या पीसीवर पोचवली. त्याआधी एडिटर वेगळा, कंपायलर वेगळा, असा प्रकार असे. मग १९८७ साली त्याच कंपनीचं टर्बो सी आलं. आपल्याकडच्या बीसीए, बीएस्सी, डिप्लोमाच्या लॅबमध्ये तो निळा स्क्रीन किती वर्षं टिकला ते तुम्हाला माहीतच आहे. मूळ डॉस कधीच मागे पडलं होतं. ६४-बिट विंडोज तर १६-बिट प्रोग्रॅम चालवतच नाही. तरी आपण डॉसबॉक्स टाकून त्याच्या आत टर्बो सी चालवत राहिलो.

यात हसण्यासारखं काही नाही. पुस्तक त्यावर, जर्नल त्यावर, परीक्षा त्यावर. शिक्षकांच्या आणि मुलांच्या बोटांत कंट्रोल-एफ९ म्हणजे "रन" आणि ऑल्ट-एफ५ म्हणजे "आउटपुट दाखव" हे मुरलेलं. हळूहळू असा समज होतो की ही बटणं म्हणजेच सी भाषा. गोंधळ सुरू होतो तो तिथं.

एक साधं उदाहरण घ्या. फॅक्टोरियलचा प्रोग्रॅम सगळ्यांनी लिहिलाय. टर्बो सीमध्ये 'इंट' दोन बाइटचा, म्हणजे जास्तीत जास्त ३२,७६७. सातचं फॅक्टोरियल ५,०४०, ते बरोबर येतं. आठचं यायला हवं ४०,३२०, पण स्क्रीनवर दिसतं उणे २५,२१६. तोच प्रोग्रॅम लिनक्सवर जीसीसीनं कंपाइल करा, तिथं 'इंट' चार बाइटचा आहे, उत्तर ४०,३२० येतं. तेरापर्यंत गेलात की तिथंही गडबड होते. गणित तेच, भाषा तीच. फरक भाषेच्या खालच्या थराचा आहे. हे ज्याला कळलं त्याच्यासाठी नवीन सिस्टिम म्हणजे एक नवा धडा. ज्याला कळलं नाही त्याला वाटतं, "इथं सगळं उलटंच आहे."

नेमकं काय बदलतं

मला विचाराल तर चार गोष्टी बदलतात, आणि चारही छोट्या आहेत.

पहिली, बटणं. कंट्रोल-एसचं सांगितलं. कंट्रोल-झेडचंही तसंच. विंडोजमध्ये ते "मागचं रद्द कर". युनिक्सच्या टर्मिनलमध्ये ते चालू प्रोग्रॅमला झोपवतं. नवख्याला वाटतं प्रोग्रॅम गायब झाला. तो असतो तिथंच, 'एफजी' असं टाइप केलं की परत येतो.

दुसरी, फाइलची नावं. विंडोजला मोठी आणि लहान लिपी सारखीच. लिनक्सला ती दोन वेगळी नावं वाटतात. हेडर फाइल मोठ्या 'एस'नं सेव्ह केली आणि प्रोग्रॅममध्ये लहान 'एस' लिहिला, तर विंडोजवर चालेल, लिनक्सवर "अशी फाइल नाही" म्हणेल.

तिसरी, ओळीचा शेवट. टाइपरायटरवर ओळ संपली की दोन गोष्टी व्हायच्या: गाडी उजवीकडे सरकवायची आणि कागद एक ओळ वर घ्यायचा. डॉस आणि विंडोजनं ही दोन्ही चिन्हं ठेवली. युनिक्सनं एकच ठेवलं. म्हणून विंडोजवर लिहिलेली शेल स्क्रिप्ट लिनक्सवर नेली की कधीकधी ती चालतच नाही, कारण पहिल्या ओळीच्या शेवटी डोळ्यांना न दिसणारं एक चिन्ह चिकटलेलं असतं. डोळ्यांना फाइल अगदी बरोबर दिसते. माणूस दोन तास डोकं आपटतो.

चौथी, आयडीई आपल्या नकळत करत असलेली कामं. लिनक्सच्या टर्मिनलवर आपणच कंपाइल करायचं आणि प्रोग्रॅमच्या नावाआधी डॉट-स्लॅश लावून तो चालवायचा. 'क्लिअर स्क्रीन' आणि 'गेटसीएच' ज्या कोनिओ हेडरमधून यायचे, ते हेडर तिथं नाही, कारण ते सी भाषेच्या मानकाचा भाग कधी नव्हतंच. टर्बोनं दिलेली ती जास्तीची सोय होती.

माणूस असा का वागतो

१९८७ साली जॉन कॅरोल आणि मेरी बेथ रॉसन या दोन संशोधकांनी एक प्रसिद्ध लेख लिहिला. त्याचा गाभा असा: माणसाला काम उरकायचं असतं, म्हणून तो माहितीपुस्तिका वाचत बसत नाही, थेट हात घालतो. आणि नवीन गोष्ट समजून घेताना तो जुन्या गोष्टीचा आधार घेतो. दोन्ही सवयी शहाणपणाच्याच आहेत. पण त्यांच्यामुळेच तो जिथं आहे तिथंच अडकतो. थोडा वेळ शिकण्यात घातला तर पुढे खूप वाचेल, पण तो थोडा वेळ आज कुणाकडे आहे?

शिवाय एक गंमत बघा. नवख्यापेक्षा अनुभवी माणूस जास्त चिडतो. ज्याला काहीच सवय नाही त्याला कंट्रोल-एस कुठल्याही अर्थानं शिकवता येतं. वीस वर्षं ज्यानं ते बटण दाबलं, त्याच्या बाबतीत डोक्याच्या आधी बोट पोचतं. म्हणून ऑफिसात सगळ्यात मोठ्यांदा "हे लिनक्स बेकार आहे" म्हणणारा बहुतेक वेळा वरिष्ठ असतो. उलटही तितकंच खरं. लिनक्सवर वाढलेला माणूस विंडोजवर आला की तोही दोन दिवस असाच करवादतो.

एक मोठा प्रयोग: कायलिक्स

ही अडचण कंपन्यांनाही दिसत होती. बोर्लंडचं विंडोजवरचं डेल्फी १९९५ साली आलं आणि खूप लोकप्रिय झालं. २००१ साली त्यांनी लिनक्ससाठी कायलिक्स काढलं. विचार सरळ होता: डेल्फीवाल्यांना लिनक्सवर यायचंय, तर त्यांचं घर उचलून तिकडे नेऊ. दिसायला बरंचसं डेल्फीसारखं, भाषा तीच.

पण हा आयडीई लिनक्सवर वाइन या विंडोज प्रोग्रॅम चालवणाऱ्या साधनाच्या लायब्ररीवर टेकलेला होता. लिनक्सवाल्यांना तो परका वाटला. त्यांना त्यांचा एडिटर आणि टर्मिनल प्रिय. आणि डेल्फीवाल्यांना घर ओळखीचं असलं तरी बाहेरचं गाव अनोळखीच राहिलं: पॅकेज कसं बसवायचं, फाइलच्या परवानग्या काय, प्रोग्रॅम लोकांपर्यंत पोचवायचा कसा. २००२ साली तिसरी आवृत्ती आली आणि नंतर ते थांबलं. थांबण्यामागं व्यवसायाचीही कारणं असणार. पण मला त्यातून दिसतं ते एवढं की ओळखीची खिडकी दिली म्हणून बाहेरचं जग ओळखीचं होत नाही.

पुढे वाट वेगळी निघाली. २०१५ साली मायक्रोसॉफ्टनं व्हिज्युअल स्टुडिओ कोड आणलं, विंडोज, मॅक आणि लिनक्स तिन्हींवर चालणारं. २०१६ साली विंडोजच्या आतच लिनक्स चालवायची सोय झाली. २०१७ साली डेल्फीनं लिनक्स पुन्हा धरलं, पण या वेळी आयडीई विंडोजवरच ठेवला, तयार होणारा प्रोग्रॅम फक्त लिनक्ससाठी. २०१९ पासून व्हीएस कोडमध्ये असं करता येतं की एडिटर तुमच्या मशीनवर आणि फाइली, कंपायलर सगळं दूरच्या लिनक्सवर. घर हलवलं नाही, हात लांब केला. सगळीकडे मात्र अशी मुभा नाही. आयफोनचं अॅप करायचं तर सहसा अॅपलचं एक्सकोड लागतं, आणि ते फक्त मॅकवर चालतं.

मग आपण काय करायचं

मला तीन वृत्तीची माणसं दिसतात. एक म्हणतो, "मला सगळं पूर्वीसारखंच हवं." दुसरा म्हणतो, "टर्मिनल येत नाही तो प्रोग्रॅमरच नाही." पहिला स्वतःला अडवतो, दुसरा इतरांना. तिसरा विचारतो, "यातलं भाषेचं काय, आयडीईचं काय आणि सिस्टिमचं काय?" हा प्रश्न विचारायची सवय लावा. काही अडलं की वहीत तीन रकाने आखा आणि अडचण कुठल्या रकान्यातली ते लिहा. महिनाभरात कळेल की भाषेचा रकाना जवळजवळ रिकामा आहे. भाषा तुम्हाला येतच होती.

शिक्षकांना एक विनंती. वर्षातलं एक प्रॅक्टिकल तरी दुसऱ्या सिस्टिमवर, आयडीई न वापरता करून घ्या. अभ्यासक्रम बदलायची वाट बघू नका. आठचं फॅक्टोरियल दोन्हीकडे चालवून दाखवायला एक तास पुरतो.

शेवटी एका ताईंनी विचारलं, "सर, तो मुलगा पुढे कुठे गेला?" मला माहीत नाही. विचारायला हवं होतं, विचारलं नाही. पण त्यानंतर मी एक नियम केला. मुलाखतीला कुणी बसलं की आधी दहा मिनिटं मशीन त्याच्या हातात द्यायचं आणि सांगायचं, "तुमच्या सवयीचा एडिटर लावून घ्या. स्क्रीन थांबला तर कंट्रोल-क्यू दाबा." एवढं सांगायला अर्धं मिनिट लागतं. तुमच्यापैकी जे उद्या टेबलाच्या त्या बाजूला बसतील, त्यांनी हे अर्धं मिनिट जरूर द्यावं.

पुढच्या वेळी डीबगर. आजच्यापुरतं इथं थांबतो.