ट्रॅक्टरच्या टाकीत कोणते तेल घालावे?

रब्बीच्या पेरणीच्या ऐन हंगामात ट्रॅक्टरचा डिझेल पंप उघडावा लागला, तर शेतकऱ्याचे नुकसान दुहेरी होते. दुरुस्तीचा खर्च येतोच. शिवाय जमिनीतील ओल कोणासाठी थांबत नाही. जालना जिल्ह्यात डिझेलऐवजी एखादे स्वस्त तेल वापरावे काय, असे शेतकरी बंधू विचारतात. याचा विचार लिटरच्या भावावरून न करता तेलाच्या गुणांवरून करावयास हवा.

डिझेल इंजिनात ठिणगी नसते. सिलिंडरमधील हवा जोराने दाबली की ती तापते व तीत तेलाचा फवारा आपोआप पेट घेतो. तेल किती तत्परतेने पेटते हे सीटेन अंकावरून कळते. आपल्याकडील डिझेलचा हा अंक किमान ५१ असावा लागतो. दुसरा गुण मात्र बहुधा दुर्लक्षिला जातो. पंपाचे प्लंजर व नोझलची सुई यांना निराळे वंगण मिळत नाही. त्यांच्यातून वाहणारे डिझेल हेच त्यांचे वंगण होय.

रॉकेल येथेच उणे पडते. ते पातळ असल्याने प्लंजरच्या कडेने निसटते, धातूवर धातू घासतो, आणि काही काळाने इंजिन ओढ घेईनासे होते. त्यातून मिळणारी उष्णताही लिटरमागे डिझेलपेक्षा थोडी कमीच. शिधावाटपाच्या रॉकेलला निळा रंग देण्याची पद्धत पडली ती अशी भेसळ ओळखू यावी म्हणूनच.

कारखान्यांच्या भट्ट्यांत जाळावयाचे फर्नेस ऑइल तर इतके दाट असते की, जाळण्यापूर्वी ते तापवावे लागते. त्यात गंधक व राखही अधिक. लाइट डिझेल ऑइल त्याहून हलके, पण तेही संथ इंजिनांसाठी व बॉयलरसाठी. विहिरीवरील जुनी इंजिने मिनिटाला सहाशे-साडेसहाशे फेरे घेत. ती असले तेल पचवीत. ट्रॅक्टरचे इंजिन दोन हजारांच्या आसपास फिरते व त्याला तेवढी सवड नसते. वडिलांच्या इंजिनाला चालले म्हणून मुलाच्या ट्रॅक्टरला चालेल, हा हिशेब चुकीचा आहे.

थंड देशांत घरे तापविण्याच्या तेलावर मोटारी चालतात असे कोणी सांगेल. तेथील ते तेल मुळात डिझेलसारखेच असते. फरक मुख्यतः कराचा व गंधकाचा. करचुकवेगिरी उघड व्हावी म्हणून अमेरिकेत त्याला लाल रंग देतात. तो दाखला आपल्या भट्टीच्या तेलास लागू पडत नाही.

बायोडिझेलची गोष्ट वेगळी. १९०० साली पॅरिसच्या प्रदर्शनात डिझेल इंजिन भुईमुगाच्या तेलावर चालवून दाखविले होते. तथापि कच्चे तेल दाट असते व नोझलवर काजळी धरते. म्हणून त्यावर मिथेनॉलची प्रक्रिया करून ग्लिसरीन वेगळे काढतात. उरते ते बायोडिझेल. त्याचे वंगण उत्तम, पण उष्णता लिटरमागे आठ-नऊ टक्के कमी. समजा, रोटाव्हेटरला तासाला ५ लिटर डिझेल लागते. तेथे शुद्ध बायोडिझेल सुमारे साडेपाच लिटर लागेल. शिवाय ते टाकीतील जुना गाळ सोडविते, त्यामुळे गाळणी तुंबते व जुन्या रबरी नळ्या फुगतात. केंद्राच्या २०१८ च्या धोरणाने २०३० पर्यंत डिझेलमध्ये ५ टक्के मिश्रणाचेच उद्दिष्ट ठेविले आहे. रस्त्याकडेच्या टाकीतून बायोडिझेल म्हणून विकले जाणारे प्रत्येक तेल बायोडिझेल असतेच असे नाही. विक्रेत्याकडे नोंदणी व पक्की पावती नसेल, तर तेथून तेल घेऊ नये.

उसापासूनचे इथेनॉल पेट्रोलसाठी योग्य. केवळ दाबाने ते सहजी पेट घेत नाही. गॅसवर चालणारा ट्रॅक्टर फेब्रुवारी २०२१ मध्ये दिल्लीत दाखविण्यात आला, परंतु गॅस भरण्याची सोय जवळ असल्याखेरीज त्याचा विचार व्यर्थ.

५० अश्वशक्तीहून मोठ्या नव्या ट्रॅक्टरांना जानेवारी २०२३ पासून धुराचे कडक नियम लागू आहेत. त्यांची इंधनयंत्रणा अधिक नाजूक असते. त्यांत भेसळीचा धोका मुळीच पत्करू नये. डिझेलविषयी शंका आल्यास पंपावर घनता मोजून दाखविण्यास सांगावे; तो ग्राहकाचा हक्क आहे.

चुकून दुसरे तेल भरले गेलेच, तर इंजिन चालू करून पाहू नये. टाकी पूर्ण रिकामी करावी, गाळणी बदलावी, नळ्यांतील तेल काढून टाकावे आणि ताजे डिझेल भरून हवा काढल्यावरच इंजिन चालू करावे.