द्रुतगती मार्ग कसा घडतो?

नागभीडच्या बसस्थानकावर नागपूरची एस.टी. धरा आणि खिडकीजवळची जागा मिळवा. भिवापूर, उमरेड करत सुमारे शंभर किलोमीटरचा प्रवास आहे. वाटेत काय काय दिसते ते नीट पाहा. धानाच्या बांध्यांमधून एखादी बैलगाडी रस्त्यावर चढते. सायकलवरची मुले शाळेला निघालेली असतात. उन्हाळ्याच्या तोंडी मोहफुले वेचणाऱ्या बाया टोपल्या घेऊन रस्ता ओलांडतात. कापणीनंतर कोणी डांबराच्या कडेलाच धान वाळत घालतो. बस हॉर्न वाजवते, थांबते, पुन्हा निघते. आता नागपूरला पोचल्यावर शहराबाहेर शिवमडक्याला जा. तेथून मुंबईकडे जाणारा 701 किलोमीटर लांबीचा समृद्धी महामार्ग सुरू होतो. त्यावर बैलगाडी नाही, सायकल नाही, मोटारसायकलही नाही. मोटारींना मात्र ताशी 120 किलोमीटर वेगाची मुभा आहे.

दोन्ही रस्तेच. मग फरक कशात आहे? ‘रुंदीत’ असे उत्तर पटकन सुचेल, पण ते अपुरे आहे. खरा फरक रस्त्यावर कोणी यायचे आणि कोठून यायचे, या नियमात आहे. साध्या रस्त्याला प्रत्येक घराचे दार, प्रत्येक शेताची वाट येऊन मिळते. द्रुतगती मार्गावर ठरावीक ठिकाणीच चढता-उतरता येते. आडवा येणारा रस्ता पुलावरून किंवा पुलाखालून जातो. जाणारी आणि येणारी वाहने मधल्या दुभाजकाने वेगळी केलेली असतात.

ही कल्पना शंभर वर्षांची आहे. इटलीत मिलान शहरातून उत्तरेच्या सरोवरांकडे जाणारा, केवळ मोटारींसाठी राखलेला रस्ता पिएरो पुरिचेल्ली या अभियंत्याने आखला आणि 1924 साली तो खुला झाला. जर्मनीत कोलोन ते बॉन हा मार्ग 1932 साली झाला. महाराष्ट्रात मुंबई–पुणे द्रुतगती मार्ग 2002 साली पूर्ण झाला.

रस्ता आखताना अभियंता सर्वांत जास्त विचार करतो तो वळणांचा. सायकल वेगात वळवताना आपण आतल्या बाजूला झुकतो, हे तुम्ही अनुभवले असेल. वळणाऱ्या वाहनाला वळणाच्या मध्याकडे ओढणारे अभिकेंद्री बल लागते. ते मिळते दोन ठिकाणांहून : टायर आणि रस्ता यांच्यातील घर्षणातून, आणि रस्त्याच्या उतारातून. म्हणूनच वळणावर रस्त्याची बाहेरची कड उचललेली असते. ती फार उचलूनही चालत नाही, कारण हळू जाणारा उंच भरलेला ट्रक आतल्या बाजूला कलंडेल. आपल्याकडे इंडियन रोड्स काँग्रेसच्या नियमांप्रमाणे सपाट प्रदेशात हा उतार जास्तीत जास्त 0.07 (म्हणजे शंभर मीटर रुंदीला सात मीटर उंची, या प्रमाणात) आणि घर्षण 0.15 धरतात. दोन्हींची बेरीज 0.22. आता सूत्र असे :

त्रिज्या = वेगाचा वर्ग ÷ (127 × 0.22)

वेग ताशी किलोमीटरमध्ये घातला की त्रिज्या मीटरमध्ये मिळते. (हे 127 कोठून आले? गुरुत्व त्वरण 9.8 ला 3.6 च्या वर्गाने गुणा. 3.6 कशासाठी, ते तुमच्या शिक्षकांना विचारण्याआधी स्वतः शोधा.) ताशी 50 किलोमीटर वेगाला सुमारे 90 मीटर त्रिज्येचे वळण पुरते. वेग दुप्पट, म्हणजे 100 केला, की त्रिज्या लागते 360 मीटर. दुप्पट नव्हे, चौपट. गावाजवळच्या एखाद्या वळणाला वळसा द्यायला जेथे एका शेताचा कोपरा पुरला असता, तेथे आता कित्येक शेते जातात. भूसंपादनाच्या भांडणाचे एक मूळ असे या ‘वर्गात’ आहे.

थांबण्याचेही तसेच. रस्त्यावर काही दिसल्यापासून चालकाचा पाय ब्रेकवर जाऊन ब्रेक लागेपर्यंत आपले नियम अडीच सेकंद धरतात. ताशी 100 किलोमीटर वेगाने तेवढ्यात सुमारे 70 मीटर अंतर गेलेले असते. मग ब्रेक लागल्यावर आणखी 110 मीटर. एकूण 180 मीटर! ताशी 50 ला हेच अंतर अवघे 60 मीटर आहे. तेव्हा द्रुतगती मार्गावर बैलगाडीला बंदी आहे ती कोणाच्या तुच्छतेमुळे नव्हे. मात्र बैलगाडीवाल्याला पलीकडच्या शेतात जाण्यासाठी दुसरी सोय करून दिली पाहिजे, आणि या ‘पाहिजे’चा विसर पुष्कळदा पडतो.

वळणे गेली, गावे चुकवली, आता रस्ता वेगवान झाला म्हणावे, तर मुंबईची उपनगरे पाहा. शीव ते ठाणे हा पूर्व द्रुतगती महामार्ग आणि वांद्रे ते दहिसर हा पश्चिम द्रुतगती महामार्ग आखले गेले तेव्हा ते जुन्या वस्तीच्या कडेने, मिठागरे आणि मोकळ्या जमिनीजवळून जात होते. प्रत्येकाची लांबी साधारण 25 किलोमीटर. पण जेथून शहरात लवकर पोचता येते तेथे घरे बांधली जातात. वस्ती रस्त्याकडे सरकली, तिच्याबरोबर दुकाने, कचेऱ्या, थांबे आले. आज हे दोन्ही मार्ग भर वस्तीतून जातात आणि संध्याकाळी नावातील ‘द्रुतगती’ हा शब्द वाचून हसू येते.

कोंडीचे गणितही सोपे आहे. समजा प्रत्येक चालक पुढच्या गाडीपासून दोन सेकंदांचे अंतर ठेवतो आणि गाडी पाच मीटर लांब आहे. ताशी 60 किलोमीटर वेगाला एका पदरातून तासाला सुमारे 1,560 गाड्या जातील. वेग 100 केला तर 1,650. फारशी वाढ नाही. पण वेग 10 वर आला की अवघ्या 950 उरतात. म्हणजे ज्या वेळी रस्त्याची सर्वांत जास्त गरज असते, नेमक्या त्याच वेळी तो सर्वांत कमी काम करतो. पदर वाढवले तर काही काळ आराम पडतो. मग रस्ता मोकळा आहे असे पाहून नव्या गाड्या येतात. एका बसमध्ये पन्नास माणसे बसतात, हा हिशेब अधिक टिकाऊ आहे. पश्चिम द्रुतगती महामार्गावरूनच 2022 सालापासून मेट्रो रेल्वे धावू लागली, ती उगाच नव्हे.

आपल्या चंद्रपूर-गडचिरोलीच्या जंगलात मात्र प्रश्न वेगळा आहे. येथे रस्त्याच्या दोन्ही बाजूंना घरे नसून वाघ आहेत. ताडोबा, घोडाझरी, उमरेड-पवनी-कऱ्हांडला, नागझिरा ही जंगले एकमेकांपासून दूर असली, तरी वयात आलेला नर वाघ नवे क्षेत्र शोधायला बाहेर पडतो. ‘जय’ नावाचा प्रसिद्ध वाघ 2013 साली नागझिऱ्याहून निघून उमरेड-कऱ्हांडल्यात आला. शेते, नदी, महामार्ग असे सारे ओलांडून त्याने शंभराहून अधिक किलोमीटरची वाट तुडवली. हे येणेजाणे थांबले तर एकेका जंगलातले वाघ आपापसातच वाढतील आणि त्यांचा वंश दुबळा होत जाईल. रस्ता येथे नुसत्या अपघातानेच मारतो असे नाही. आवाज आणि दिवे यांच्यामुळे प्राणी रस्त्याजवळ यायचेच टाळतात, आणि मग तो भिंतीसारखा होतो.

यावर उपाय सापडला तो नागपूर–सिवनी रस्त्यावर. जुना राष्ट्रीय महामार्ग 7, आताचा 44, पेंच व्याघ्र प्रकल्पाजवळून चौपदरी करायचा होता. न्यायालयात वाद गेला, वर्षे गेली. अखेर महाराष्ट्राच्या हद्दीत रस्त्याला नऊ ठिकाणी उचलून धरले : काही लहान पूल, काही खास प्राण्यांसाठीचे भुयारी मार्ग. त्यांची रुंदी 50 मीटरपासून 750 मीटरपर्यंत आहे. वरच्या बाजूला दिव्यांचा झोत आणि आवाज अडवणाऱ्या भिंती आहेत. प्राणी त्यांचा उपयोग करतील का, अशी शंका अनेकांना होती. भारतीय वन्यजीव संस्थेने 2019 साली तेथे कॅमेरे लावले. मार्च ते डिसेंबर या काळात 18 जातींचे वन्य प्राणी त्या पुलांखालून जाताना टिपले गेले. त्यांत चितळ होते, रानडुकरे होती, रानकुत्री होती. पट्ट्यांवरून ओळख पटवली तेव्हा वाघ निघाले अकरा वेगवेगळे.

नागपूर–नागभीड ही अरुंद मार्गाची छोटी रेल्वे नोव्हेंबर 2019 मध्ये बंद झाली, ती रुळांची रुंदी वाढवण्यासाठी. हा मार्ग कऱ्हांडला अभयारण्याच्या शेजारून जातो. जुनी गाडी रमतगमत जाई. नवी वेगाने जाईल. रेल्वेलाही वळण, थांबण्याचे अंतर आणि वाघ यांचे तेच गणित सोडवावे लागते.

तुमच्या गावाजवळच्या वळणाचे गणित घरबसल्या करता येते. रस्त्यावर उभे राहू नका. मोठ्या प्रमाणाचा नकाशा किंवा उपग्रहचित्र घ्या. वळणावरच्या दोन बिंदूंमध्ये सरळ रेषा ओढा आणि तिच्या मध्यापासून रस्ता किती दूर गेला आहे ते मोजा. रेषेच्या लांबीचा वर्ग करा, त्याला त्या अंतराच्या आठपटीने भागा, त्रिज्या मिळेल. रेषा 100 मीटर आणि अंतर 5 मीटर असेल तर त्रिज्या सुमारे 250 मीटर. वरचे सूत्र उलटे वापरा : त्या वळणाला ताशी 80 किलोमीटरच्या आसपासचा वेग चालेल. मग तेथील पाटीवर वेगमर्यादा किती लिहिली आहे, ते बसच्या खिडकीतून वाचा.